आधी राहा, मग घे

भाड्याच्या नव्या घरासाठी केलेली तुझी यादी वाचली. सोफा, टीव्ही युनिट, चार खुर्च्यांचं टेबल, गालिचा, पडदे आणि खाली हप्त्यांची बेरीज. शेवटी विचारलंयस, "यातलं आधी काय घेऊ?" यातलं काहीच घेऊ नकोस. आधी राहा, मग घे.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, कुणी येणार म्हटलं की ओशाळल्यासारखं होतं, हे मला कळतं. पण पाहुणा तासाभरानं निघून जातो आणि त्याच्यासाठी आणलेला सोफा तुझी अर्धी खोली अडवून बसतो. तेही भाड्याच्या घरात! पुढच्या घराचं दार किती रुंद असेल, जिना कसा वळत असेल, तुला ठाऊक आहे का?

लगेच घ्यायची ती गादी. तिथे काटकसर करू नकोस, पाठ तुझी आहे. पलंग थांबू शकतो. मात्र जमिनीवर टाकलेली गादी रोज सकाळी भिंतीला उभी करून ठेव, नाहीतर खालून ओल धरते आणि बुरशी येते. रोजच्या रांधण्यापुरती भांडी, बादली, आणि 2700 केल्विनचा एखादा दिवा. त्या पिवळसर उजेडात रिकामी खोलीही भकास दिसत नाही. बस.

मग महिनाभर नुसता राहा. ऊन कुठे पडतं, प्लग कुठे आहेत, लॅपटॉप घेऊन तू नकळत कुठल्या कोपऱ्यात बसतोस, ते बघ. टेबल घ्यावंसं वाटलं तर त्याच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर चिकटव आणि दोन-तीन दिवस त्यांना वळसा घालून चाल. बाजूनं निदान 75 सेंटीमीटर वाट उरली पाहिजे. खुर्ची मागे ओढायची जागाही मोज, ती सगळेच विसरतात. कागदावर पाय पडत राहिला तर ते टेबल तुझ्या घराचं नाही. साधारण 75 सेंटीमीटर उंचीच्या टेबलाला 45 सेंटीमीटरची खुर्ची लागते. दुकानात छान दिसली म्हणून उचललेल्या जोडीनं महिन्याभरात खांदे धरतात.

आणि "बिनव्याजी हप्ता" म्हणून हुरळू नकोस रे! रोख दिले तर काय भाव, हे आधी विचार. पुष्कळदा रोखीवरची सूट तिथे मिळत नाही, वर प्रक्रिया शुल्क असतं. व्याज गेलं कुठे, ते तूच शोध.

जुनं घ्यायला लाजू नकोस. भरीव लाकडाचं जुनं टेबल घासून, पॉलिश करून पुन्हा उभं राहतं. नव्या स्वस्त फर्निचरमध्ये बहुधा असतं ते पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे गोंदात दाबलेले. पाणी लागलं की फुगतं, आणि एकदा सुटं करून जोडलं की स्क्रू पूर्वीसारखे धरत नाहीत. म्हणजे घर बदललंस की संपलं. जुनी वस्तू उलटी करून बघ. पायाजवळ पिठासारखा ताजा भुगा दिसला तर आत कीड आहे, परत फिर. कापडी, फोमचं जुनं मात्र आणूच नकोस, कितीही स्वस्त असो. शिवणीत ढेकूण दडतात आणि महिनोन्‌महिने उपाशी राहूनही जगतात.

माझ्या पहिल्या घरात कितीतरी काळ बसायला सतरंजीच होती. नातेवाइकांनी चिक्कू म्हटलं. आई तर शेवटपर्यंत म्हणायची, "घर कसं भरलेलं हवं." तिला माझं म्हणणं पटवता आलं नाही, याची खंत आजही आहे. पण मी हटले नाही, आणि बरोबर केलं. तेव्हा थांबून, शोधून घेतलेलं जुनं लाकडी टेबल सगळ्या घरांत माझ्याबरोबर आलं. हे पत्र त्याच्यावरच लिहितेय. कुणाचा हप्ता माझ्या डोक्यावर नव्हता म्हणून न पटलेली नोकरी मी एका दिवसात सोडू शकले. हे चिक्कूपण असेल तर असो.

तुला मित्रांची काळजी आहे. बोलाव त्यांना, जमिनीवर बसतील. जे बसणार नाहीत त्यांच्यासाठी सोफा घेणार आहेस का तू?

आधी राहा. महिन्यानं मला नवी यादी पाठव, सोबत खोलीची, दाराची आणि लिफ्टची मापं. तोवर त्या हप्त्याच्या कागदावर सही करू नकोस.