नवव्या दिवसानंतर

प्रश्न : ताई, जलरंग शिकून दोन वर्षं झाली. एखाद्या रविवारी तीन-चार तास बसते आणि मग पंधरा-पंधरा दिवस ब्रशला हात लागत नाही. रोज एक चित्र करायचंच असं ठरवलं, तर नवव्या दिवशी खाडा झाला आणि सगळंच सुटलं. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात. मला का लागत नाही?

उत्तर : तो एकवीसचा हिशेब आधी डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी बारा आठवडे तपासल्या. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. आणि त्या गोष्टी तरी कसल्या, जेवताना पाणी पिणं वगैरे! एखादा दिवस चुकल्यानं त्यांचं फारसं बिघडलं नव्हतं. तुमचाही घोळ नवव्या दिवशी झाला नाही, दहाव्या दिवशी वही उघडली नाहीत तेव्हा झाला.

‘रोज एक चित्र’ हा नेम मला मुळातच पटत नाही. रोज दहा मिनिटांची बैठक म्हणा. चित्र होवो न होवो.

माझं सामान पूर्वी कपाटात असायचं. कागद वरच्या फळीवर, बोर्ड कपाटामागे. ते काढेपर्यंतच उत्साह संपायचा. आता कागद चारही बाजूंनी टेपनं चिकटवलेला बोर्ड टेबलाच्या कोपऱ्यात कायम असतो. ट्यूबमधले रंग पॅलेटच्या खणांत आधीच काढून ठेवते. ते वाळून खडखडीत होतात, पण पाण्याचे दोन फवारे मारले की पुन्हा सुटतात. त्यातल्या डिंकाची ही कृपा. (ॲक्रिलिकवाल्यांना ही चैन नाही.) ब्रश मात्र धुऊन आडवा ठेवा. ‘उद्या बसायचंच आहे’ म्हणून मी एकदा माझा सर्वांत चांगला ब्रश रात्रभर पाण्याच्या ग्लासात उभा ठेवला. त्याचं टोक वाकलं ते वाकलंच. आता तो फक्त गवत रंगवतो.

दुसरं म्हणजे, काम अर्धवट सोडून उठा. जलरंगात हे सोयीचंच आहे, कारण पहिला थर पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा दिला तर चिखल होतो. समजा, किल्लीचं चित्र काढताय. आज तिचा फिका वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर द्या, सावली उद्यावर ठेवा. उठताना टेपच्या कडेवर पेन्सिलीनं लिहा : ‘किल्ली, फक्त सावली’. दुसऱ्या दिवशी काय काढू, हा प्रश्नच पडत नाही. माझी निम्मी चालढकल त्या प्रश्नातच जायची.

वेळ घड्याळावर बांधू नका, रोजच्या एखाद्या कामाच्या शेपटाला बांधा. रात्री दात घासले की दहा मिनिटं, असं.

आणि त्या वहीचं दहावं पान आजच ब्रश पुसायला वापरून टाका.