सुई नको, पण दिवस किती ते सांगा

‘‘मॅडम, बायोप्सी नको. सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतोय. आईला यातलं काय बोलू नका. फक्त किती दिवस हायत तेवढं मला सांगा.’’

मिरजेत आमच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर मुलानं हे सगळं एका दमात सांगितलं. गाठीचा तुकडा तपासायला काढायची सुई नको, पण दिवस हवेत! हा सवाल माझ्यासमोर इतक्यांदा आलाय की आता मी उत्तर द्यायची घाई करत नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

काकू तासगावकडच्या, बेदाणा निवडायला शेडवर जायच्या. खोकला लागला तेव्हा सगळ्यांनी गंधकाच्या धुरीवर ढकललं. मग एक्सरेत डाग दिसला आणि कुठेतरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. बेडक्यात जंतू एकदाही सापडले नव्हते, तरी पाच महिने त्याच गोळ्या. हे आपल्याकडे फार होतं, आणि मला त्याचा राग येतो. शेवटी सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली.

‘‘सुईचं कुणी सांगितलं?’’ मी विचारलं.

चुलत्यांचं तसंच झालं होतं. बायोप्सी झाली आणि दोन महिन्यांत गेले. मोबाइलमध्ये त्यांच्या रिपोर्टचा फोटो अजून होता. मी बोटांनी मोठा करून पाहिला : स्मॉल सेल. चुलते दिवसाला दोन बंडल बिडी ओढायचे.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ही जात साधारण १५ टक्के. बहुतेक धूम्रपान करणाऱ्यांतच सापडते आणि झपाट्यानं वाढते. केमो-रेडिएशननं लवकर आक्रसते, पण बहुतेकदा उलटते. चुलते सुईपर्यंत पोचले तेव्हाच आजार पुढे गेलेला होता. नाव मात्र सुईचं झालं. सुईच्या वाटेवर गाठ रुजणं घडतं, पण फारच क्वचित. खरी जोखीम वेगळी : फुप्फुसाला बारीक भोक पडून छातीत हवा साठू शकते, थुंकीत थोडं रक्त येऊ शकतं. म्हणून तर सुईनंतर काही तास थांबवून एक्सरे काढतात.

उरलेले ८५ टक्के नॉन-स्मॉल सेल. त्यातला अ‍ॅडेनोकार्सिनोमा कधीच बिडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही होतो, आणि काकूंनी तर मिश्रीसुद्धा लावली नव्हती. चुलत्यांचे दोन महिने मुलगा आईच्या नावावर लिहून बसला होता. तसं बोललेही मी त्याला. तो बराच वेळ फोनकडेच बघत राहिला.

सुई झाली. अ‍ॅडेनोकार्सिनोमाच निघाला, पण पेट स्कॅनमध्ये (आजार अंगात कुठे कुठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीत) मणक्यातही दिसला, म्हणजे चौथा टप्पा. गाठीच्या तुकड्यावर जनुकांची तपासणी लावली. तो पंधरवडा मुलानं रोज फोन केला. रिपोर्टमध्ये ईजीएफआर जनुकातला बदल सापडला. अशा बदलावर नेम धरणाऱ्या गोळ्या असतात. ऑसिमर्टिनिब त्यातली एक, दिवसाला एकच.

‘‘मग आता किती?’’

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांच्या जगण्याचा मध्यक ३८.६ महिने होता. म्हणजे निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्याहून जास्त जगले. काकू कुठल्या निम्म्यात, ते रिपोर्टवर छापलेलं नसतं. गोळीनं आजार मुळासकट जात नाही, कधी ना कधी ती कमी पडायला लागते, हेही मी सांगितलं. दर महिन्याचा खर्च ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्याला योजनांच्या कागदपत्रांसाठी खालच्या मजल्यावर पाठवलं.

तेवढ्यात काकूंना आत घेतलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. ‘‘आजाराबद्दल किती ऐकायचंय तुम्हाला?’’ मी विचारलं.

‘‘क्यान्सर हाय न्हवं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोरगं रातचं रडतंय. मला ठावं हाय, त्याला वाटतंय मला ठावं न्हाई.’’

मुलगा वर आला तेव्हा मी काही बोलले नाही. काकूच बोलल्या. दोघंही रडले, मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

जाता जाता काकू दारात थांबल्या. ‘‘गोळी उपाशीपोटी घ्यायची का जेवून?’’

‘‘कशीही चालते. पण रोज एकाच वेळेला.’’

‘‘मग सकाळच्या चहाबरोबर घीन. त्यो काय माझा चुकत न्हाई.’’