रान सरकारी, जागा कुणाची?

शिकारीचा हंगाम तोंडावर आला की या सदराकडे एकाच तक्रारीची पत्रं येतात: "वर्षभर हेरून ठेवलेल्या जागेवर ऐन दिवशी दुसरंच कुणी बसलेलं होतं." अमेरिकेतल्या सरकारी रानांत हे व्हायचंच. या वेळची निवडक पत्रं आणि आमची उत्तरं.

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट गेम लँडवर (शिकारीसाठी राखलेल्या राज्याच्या रानात) हरणाच्या रायफल हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाटे जाऊन बसलो. उजाडायच्या आत तीन बाजूंनी तीन हेडलँप आले आणि तिघंही शे-दीडशे यार्डांत बसले. अशा वेळी उठून जावं की बसून राहावं? पुढच्या वर्षी काय वेगळं करावं?
— पिट्सबर्गजवळचे एक वाचक

आधी हिशेब ध्यानात घ्या. गेम लँड्स मिळून सुमारे १५ लाख एकर भरतात आणि राज्यात शिकारीची आठ लाखांहून अधिक लायसन्स विकली जातात. त्यात २०१९पासून रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारऐवजी शनिवारी सुरू होतो, म्हणजे सुट्टी असलेला प्रत्येक जण त्याच पहाटे रानात. जागेवर हक्क कुणाचाच नाही. आधी पोचलेल्याचा मान राखायचा, एवढाच रिवाज आहे आणि तो पाळणारे बरेच असतात.

हेडलँप तुमच्या दिशेने येताना दिसला की लगेच आपला दिवा लावा आणि माणसाच्या आवाजात, मोठ्याने बोला: "इथे माणूस आहे, मी पूर्वेकडे तोंड करून बसलोय." हात हलवू नका, शीळ घालू नका. अर्धवट उजेडात हलणारा हात हरणाच्या शेपटीसारखा दिसू शकतो. नव्वद टक्के वेळा समोरचा "सॉरी" म्हणून वळतो. नाहीच वळला, तर तो कुठे बसणार आणि कुठल्या दिशेला बार टाकणार हे विचारून घ्या. तुमच्या निशाण्याच्या रेषेत तो येत असेल किंवा त्याच्या रेषेत तुम्ही, तर रुसवेफुगवे न करता उठा. २५० चौरस इंच नारिंगी कपडा डोकं, छाती आणि पाठ मिळून अंगावर हवाच, तो चहूबाजूंनी दिसला पाहिजे. पण झुडपामागे बसलेल्या माणसाचं नारिंगी जाकीट काही गोळी अडवत नाही.

आता पुढच्या वर्षाचं. काम नकाशावर सुरू होतं, आणि बहुतेक जण इथेच आळस करतात. गेम लँडच्या नकाशावर प्रत्येक पार्किंग, प्रत्येक गेट आणि प्रत्येक पायवाट खुणेने दाखवा. प्रत्येक पार्किंगभोवती अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढा. बहुतांश गर्दी या वर्तुळांत मावते, कारण दीड-दोनशे पौंडांचं जनावर ओढत आणायचंय हे प्रत्येकाच्या डोक्यात असतं. वर्तुळांबाहेर जे उरतं ते पाहाच. पण वर्तुळांच्या आतले दुर्लक्षित तुकडेही पाहा: गुडघाभर ओढ्यापलीकडचा पट्टा (पहाटेच्या थंडीत बूट भिजवायला कुणी तयार नसतं), रस्त्यालगतचा उभा चढ, पार्किंगच्या पाठीमागची शंभर-दोनशे यार्डांची झुडपं, ज्यांच्याकडे पाठ करून सगळे आत चालत जातात. वस्ती असलेल्या इमारतीपासून १५० यार्डांत, घरमालकाच्या परवानगीशिवाय, बंदुकीने शिकार करता येत नाही. ते अंतर मात्र आधीच मोजा.

दुसरी पायरी: माणसं हरणांना कुठे ढकलतील ते ठरवा. पहाटे पाचपासून पार्किंगमधून लोक धारेवरच्या पायवाटेने चढतात. त्यांचा वास आणि आवाज आला की हरीण मैलोन् मैल पळत नाही. ते आपल्याच टापूत राहून दाट जागा धरतं: माउंटन लॉरेलची जाळी, चार-सहा वर्षांपूर्वी तोड झालेला आणि आता पुरुषभर वाढलेला पट्टा, दलदल. ओकच्या फळांवर चरायची मोकळी जागा ते पहिल्या तासातच सोडतं. म्हणून ऑक्टोबरात जिथे हरणं चरताना पाहिली, तिथे पहिल्या दिवशी बसण्यात अर्थ नाही. बसायचं ते पार्किंगची वाट आणि दाट जाळी यांच्या मधल्या अरुंद जागी: दोन डोंगरसोंडांमधली खिंड, घळीचं वरचं टोक, उतारावरचा सपाट टप्पा. एवढं जमलं की तुम्हाला खुपणारे तिघं तुमचे फुकटचे हाकेकरी होतात.

वारा मात्र सोडू नका. नुसता हवामान खात्याचा वारा पुरत नाही. ऊन पडल्यावर उतारावरची हवा तापून वर चढते, संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते. सकाळी नऊनंतर हरणांच्या वाटेच्या वरच्या अंगाला आणि चारनंतर खालच्या अंगाला बसावं. हे उलटं झालं की तुमचा वास आधी पोचतो आणि दिवस वाया गेल्याचं तुम्हाला कळतही नाही.

वेळेचं गणित असं. मध्य पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबरअखेर सूर्य साधारण सात-सव्वासातला उगवतो, शिकार त्याआधी अर्धा तास खुली होते. तुम्ही साडेपाचपर्यंत जागेवर, दिवा बंद. मग हलायचं नाही. दहा वाजता पाय गारठलेली मंडळी उठते, गाडीकडे सँडविच खायला जाते, बाराला परत येते. या दोन्ही फेऱ्यांत जाळीतली हरणं उठतात. दहा ते दोन हा काळ पहिल्या दिवशी सोन्यासारखा असतो आणि नेमका तोच बहुतेक जण गाडीत हीटर लावून घालवतात. त्यासाठी कोरडे मोजे, हातापायांचे रासायनिक वॉर्मर आणि बसायला जाड फोमची गादी घ्या. चढताना सगळे गरम कपडे घालून घामाघूम होऊ नका. ते पाठीवर न्या, जागेवर पोचून दहा मिनिटांनी चढवा.

आणि एका जागेवर हंगाम टांगू नका. तीन जागा तीन वेगळ्या पार्किंगच्या हव्यात. पहिल्या पार्किंगमध्ये चार गाड्या दिसल्या की इंजिन बंद न करता दुसरीकडे वळायचं. दुसऱ्याच्या हेडलँपमागे रानात शिरणारे तुम्हीही त्याच्या दृष्टीने आगंतुकच. सुट्टी मिळत असेल तर मंगळवार-बुधवार पाहा. शनिवारची गर्दी तोवर कामावर परतलेली असते.

मिशिगनमध्ये सरकारी जमिनीवर ट्री स्टँड (झाडावरचं मचाण) बांधलं, नियमाप्रमाणे नाव-पत्ता लावला. गेलो तर त्यावर दुसराच बसलेला. त्याला उतरवायचा हक्क मला आहे का? जनावरं टिपायला झाडाला लावलेला ट्रेल कॅमेराही चोरीला गेला.
— ग्रँड रॅपिड्सचे वाचक

नाही. मिशिगनचा नियम स्पष्ट आहे: मचाणावर तुमचं नाव असणं बंधनकारक आहे, पण त्यामुळे सरकारी जमिनीवर त्या मचाणाचा एकट्याने वापर करण्याचा हक्क मिळत नाही. चिडचिड होईल हे मान्य, पण खालून ओरडून पदरात काही पडत नाही. तो उतरला तरी त्या दिवशीची जागा मोडलेलीच.

उपाय म्हणजे मचाण रानात ठेवूच नका. चढणारं मचाण (क्लायंबर) किंवा सॅडल (झाडाला टांगून बसायचा पट्टा) पाठीवर न्या, संध्याकाळी परत आणा. क्लायंबरला सरळ, खाली फांद्या नसलेलं, आठ ते अठरा-वीस इंच जाडीचं खोड लागतं. सालीची ढलपी सुटणारी शॅगबार्क हिकरी टाळा, पकड घसरते. पावसानंतर गोठलेल्या गुळगुळीत खोडावरही चढू नका. सरकारी जमिनीवर खिळा, स्क्रू किंवा सालीत शिरणारी पायरी चालत नाही. पेनसिल्व्हेनियातही झाडाला इजा करणारी मचाणं आणि पायऱ्या बेकायदा आहेत.

पडण्याचे अपघात बरेचसे चढता-उतरताना होतात, बसल्यावर नाही. म्हणून हार्नेसची (अंगात घालायच्या सुरक्षापट्ट्यांची) दोरी वर पोचल्यावर अडकवणं निरर्थक आहे. टांगून ठेवायच्या मचाणाला वरून खाली दोर सोडून त्यावर प्रुसिक गाठ (ताण आला की आवळणारी सरकती गाठ) ठेवा आणि जमिनीवरूनच तीत अडका. क्लायंबरवर हार्नेसचा झाडाचा पट्टा पहिल्या पावलापासून बांधून प्रत्येक टप्प्याला वर सरकवत न्या. बसल्यावर पट्टा डोक्याच्या वर, जवळजवळ ताणलेला हवा. ढिला असेल तर दोन-तीन फूट पडून मग झटका बसतो. लटकलोच तर पाय टेकवून मांडीवरचा दाब कमी करायला पट्ट्याचा एक फास खिशात ठेवा, नाहीतर काही मिनिटांतच पाय बधिर होतात. बंदूक रिकामी करून, तोंड खाली ठेवून दोरीने वर ओढायची.

दुसऱ्याच्या मचाणावर बसायचा मोह तुम्हालाही होईल. कायदा बाजूला ठेवा. वर्षभर रानात राहिलेला पट्टा उन्हाने कुजतो, खारी कुरतडतात, वाढणारं झाड आतून ताणतं. वरवर धडधाकट दिसणारा पट्टा नेमका बकलाच्या मागे, जिथे नजर जात नाही, तिथे अर्धा तुटलेला असतो.

ट्रेल कॅमेरा छातीच्या उंचीवर लावला की चोराच्या नजरेत येतो. पायरी लावून आठ-नऊ फुटांवर, तोंड खाली झुकवून बांधा, न चमकणाऱ्या इन्फ्रारेडचाच घ्या, पायवाटेवर नको. हंगामाच्या आदल्या आठवड्यात काढून आणा. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो नव्हे, तर तुमचा कॅमेराच दुसऱ्याला सांगतो की इथे हरीण आहे. ॲरिझोनात २०२२पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा बंद आहे. राज्य बदललं की नियम वाचा.

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या रेफ्यूजवर (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या सरकारी जागेवर) बदकांना जातो. मोकळ्या भागात शेजारचे ऐंशी यार्डांवर डिकॉय (नकली बदकं) टाकतात आणि आकाशात उंच बदकांवर बार काढून सगळी पाखरं उडवून लावतात.
— बे एरियातील वाचक

उंच बार काढणाऱ्याला सुधारणं तुमच्या हातात नाही, वेळ आणि वार आहेत. या रेफ्यूजवर बुधवार, शनिवार आणि रविवार असे शिकारीचे दिवस. आरक्षणाची सोडत निघते, आत किती जण हे ठरलेलं असतं आणि कुणी बाहेर पडलं की चेक स्टेशन पुढच्याला सोडतं. सकाळची खेप दहा-साडेदहाला बाहेर पडायला लागते, काहींची काडतुसं संपलेली असतात (बऱ्याच रेफ्यूजवर आत २५च नेता येतात). बुधवारी साडेदहाला आत जाणाऱ्याला अख्खं तळं मोकळं मिळू शकतं. दुपारी वारा सुटला तर बदकं खाली येतात. धुकं असेल तर मात्र पहाटेच जा.

आपल्याकडून: शेजाऱ्याच्या डिकॉयवर बदकं घिरट्या घालत असताना तुम्ही कॉल (बदकाचा आवाज काढणारी शिटी) वाजवू नका, तो तुमच्या वेळी गप्प बसेल. डझनभर डिकॉय पुरे. गर्दीच्या जागी सगळ्यांचे तीन-तीन डझन पाहून शहाणी झालेली पिनटेल बदकं छोट्या, विस्कळीत घोळक्याकडे जास्त विश्वासाने वळतात. स्टीलचे छर्रे ३५ यार्डांपलीकडे जखमी करतात, मारत नाहीत. पाण्यात डिकॉयपासून ३५ पावलांवर एक काठी रोवा, तिच्यापलीकडे बार नाही. पाण्यालगत खाली उडणाऱ्या बदकावर शेजाऱ्याच्या दिशेने तर कधीच नाही. शिसं चालत नाही: पाणपक्ष्यांसाठी देशभर १९९१पासून आणि कॅलिफोर्नियात सगळ्याच शिकारीसाठी २०१९पासून.

एक जण मुद्दाम माझ्या जवळ येऊन हॉर्न वाजवतो, मोठ्याने गाणी लावतो. तक्रार करता येते?

येते. शिकाऱ्याला मुद्दाम अडथळा आणण्याविरुद्ध पन्नासही राज्यांत कायदे आहेत. मात्र "मुद्दाम" सिद्ध व्हावं लागतं. नकळत शेजारी येऊन बसणं त्यात येत नाही. गाडीचा नंबर, वेळ आणि फोनवरचं नेमकं ठिकाण टिपा, शक्य असल्यास लांबून व्हिडिओ घ्या आणि गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) फोन करा. वॉर्डनचा नंबर हंगामाआधीच फोनमध्ये हवा. त्रास देणाऱ्याच्या सामानाला हात लावू नका, टायरमधली हवा काढू नका. मग तक्रारदार तो होतो. बोलायची वेळ आलीच तर आधी बंदूक रिकामी करा, बोल्ट उघडा ठेवा. भरलेली बंदूक खांद्यावर घेऊन केलेली साधी विचारपूसही धमकी ठरू शकते.

मी एच-१बी व्हिसावर आहे. ऑफिसातले मित्र शिकारीला नेतायत. मला बंदूक बाळगता येते का? तिथे कुणाशी वाद झाला तर?
— फिलाडेल्फिया

फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या (एच-१बीही त्यातच येतो) माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे, पण अपवाद आहे: अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकार लायसन्स. पेनसिल्व्हेनियात पहिल्या लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. लोक चुकतात ते तारखेत. तिथलं लायसन्स ३० जूनला संपतं. एक जुलैला नवं काढलं नाही आणि बंदूक कपाटात आहे, तर शिकारीला न जाताही तुम्ही कायदा मोडताय. हंगाम नोव्हेंबरात म्हणून लायसन्स ऑक्टोबरात काढू, हे तुमच्यासाठी नाही.

वादाचं म्हणाल तर तुम्ही तो घालूच नये. जागा सोडून द्या. किरकोळ गुन्ह्याची नोंदही व्हिसाच्या पुढच्या अर्जात विचारली जाते.

नागपूरला परत आल्यावर हीच हौस तिकडे करता येईल का?

नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ने शिकारीला बंदी आहे. पीक खाणाऱ्या किंवा माणसाला धोकादायक ठरलेल्या जनावराबाबत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात, ती हौसेसाठी नसते.