हँडल उंच, केबल मात्र तेवढीच?

प्रश्न: उंची ६ फूट, गाडी ३५० सीसीची. इंदूरहून ओंकारेश्वरला जाऊन येईपर्यंत कंबरेचा काटा ढिला होतो. १० इंच उंच हँडल लावू का?

उत्तर: १० इंच नको. आधी मोजा. गाडी मेन स्टँडवर लावा, नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, खांदे सैल सोडा आणि मुठी हवेत जिथे सहज येतील तिथे धरा. तिथून ग्रिपपर्यंतचे अंतर घरातल्या कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. माझ्याकडे आलेल्या उंच मंडळींचे काम बहुधा दोन-तीन इंचांत भागले. मुठी खांद्याच्या वर गेल्या की हातांना मुंग्या येतात आणि वाऱ्याचा सगळा जोर छातीवर येतो. फरक इंचभराचाच निघाला तर हँडल बदलूच नका, रायझर, म्हणजे हँडलखाली बसणारा उंची वाढवणारा ठोकळा, पुरे.

प्रश्न: दोन-अडीच इंचांना जुन्याच केबल चालतील, असे मिस्त्री म्हणतो. ऐकू का?

उत्तर: तपासल्याशिवाय मुळीच नाही. मी ऐकले होते. खंडवा रोडवर भेरूघाटात पुढे ट्रक अडकला, बाजूने निघायला मी हँडल पूर्ण डावीकडे वळवले आणि मूठ न पिळता रेस चढली. क्लच दाबला म्हणून वाचलो. घरी टाकी उतरवून पाहिले, तर ॲक्सिलरेटरची केबल तारेसारखी ताठ आणि तिचे काळे आवरण टोकाशी सोलवटलेले.

म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आवाज जरासाही चढला तर केबल आखूड आहे. क्लचच्या लिव्हरची ढील दोन्ही टोकांना सारखीच लागली पाहिजे. मग इंजिन बंद करा, मागे कुणाला बसवून पुढचे चाक उचला आणि ब्रेकचा पाइप बघा. चाक अधांतरी असताना शॉकअप पूर्ण लांबतात. जमिनीवर सैल दिसणारा पाइप तेव्हा ताणलेला दिसतो. खड्ड्यातून गाडी उसळली की नेमके हेच होते. ताण दिसला तर लांब पाइपच घ्या. जोडाला तांब्याचे वॉशर नवे टाका, ब्रेक ऑइल त्याच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्याच ग्रेडचे आणि सीलबंद डब्यातले घ्या, ब्लीडिंग (पाइपमधली हवा काढणे) करताना टाकीवर जाड फडके घाला. डॉट ४ ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा थेंब रंग खातो.

प्रश्न: स्विचच्या डबीतली खुंटी नव्या हँडलवर बसू देत नाही. घासून टाकू?

उत्तर: नका हो! तिच्यामुळेच डबी जागेवर राहते, मुठीबरोबर फिरत नाही. हँडलचा कोन पक्का करा, खूण करा, मग खुंटीएवढेच भोक पाडा.

प्रश्न: २८ मिमीचे हँडल स्वस्त मिळतेय. माझ्या गाडीचे २२ मिमीचे आहे. बसेल?

उत्तर: ग्रिप बसतील, कारण ते टोकांना २२ मिमीच असते. मधला भाग २८.६ मिमीचा, तो तुमच्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या पकडीत, मावणार नाही. जाड हँडलचे क्लॅम्प वेगळे येतात. त्यांची किंमत धरून हिशेब करा आणि क्लॅम्प कानशीने मोठा करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.