पहिलं बूद्वार फोटोशूट: जाण्याआधीचे प्रश्न आणि उत्तरं

बूद्वार हा शब्द फ्रेंच. त्याच्या मुळाशी 'रुसणं, गाल फुगवून बसणं' या अर्थाचं क्रियापद आहे, आणि त्यावरून बाईच्या खासगी खोलीला बूद्वार म्हणू लागले. आपल्या कोपभवनाची चुलतबहीण म्हणा ना. फोटोग्राफीत हा शब्द अशाच खासगी, निवांत फोटोंसाठी वापरतात: अंतर्वस्त्रांत, सैल शर्टात, नुसत्या चादरीत. नग्नता असलीच पाहिजे असं अजिबात नाही. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: पहिल्यांदाच जातेय. नेमकं काय होतं? गेल्या गेल्या कपडे बदलायला लावतात का?

नाही. एकूण तीन ते साडेतीन तास हाताशी ठेवा. पहिली पंधरा-वीस मिनिटं बोलण्यात आणि कागदांवर जातात. मग केस-मेकअपला तासभर, कधी दीड तास. तो वेळ तुम्ही सैल गाऊनमध्येच असता. प्रत्यक्ष फोटो तास-दीड तासात होतात आणि तेवढ्यात दोन किंवा तीन पोशाख पुरतात. क्रम विचारून घ्या: सगळ्यांत अंगभर कपडे आधी, कमी कपडे शेवटी. उलट क्रम लावणाऱ्याला एकतर घाई असते किंवा समज नसते.

सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांतले फोटो बहुधा वाया जातात. खांदे कानापाशी चढलेले असतात, श्वास अडकलेला असतो, बोटं ताठ असतात. अनुभवी फोटोग्राफर ते गृहीतच धरतो, त्यामुळे तुम्हीही धरा. दोन-तीनशे फोटो काढले तर हातात वीस ते चाळीस येतात आणि हे प्रमाण चांगलंच आहे.

पोज 'यायला' लागत नाही. ती आधी स्वतः करून दाखवणं हे फोटोग्राफरचं काम. अंगाला हात न लावता, 'उजवा गुडघा थोडा पुढे, हनुवटी माझ्याकडे' असं बोलून सगळं सांगता येतं. बट सारायची किंवा पट्टा सरळ करायचा तरी आधी विचारलं पाहिजे. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: दुसऱ्या दिवशी कंबर आणि मान दुखते. पाठीला बाक देऊन दहा-पंधरा सेकंद थांबणं, तेही पन्नास-साठ वेळा, हा व्यायामच आहे.

प्रश्न: बाळंतपणानंतर पोट सुटलंय, दंडही जाड झालेत. सहा-सात किलो कमी करून मगच जावं का?

वजन तुम्हाला स्वतःसाठी कमी करायचं असेल तर जरूर करा, पण फोटोसाठी थांबू नका. कॅमेऱ्याला किलो कळत नाहीत, अंतर कळतं. लेन्सच्या जवळ जे असेल ते मोठं दिसतं आणि दूर असेल ते लहान. समजा चेहरा कॅमेऱ्यापासून एक मीटरवर आहे आणि नितंब दीड मीटरवर. नितंब चेहऱ्याच्या मानाने दोन तृतीयांशच दिसतील. तीच मांडणी ठेवून फोटोग्राफर चेहऱ्यापासून तीन मीटरवर गेला की फरक उरतो जेमतेम सातव्या हिश्श्याचा. म्हणून जवळून फोटो काढताना डोकं कॅमेऱ्याच्या बाजूला हवं. पाय कॅमेऱ्याकडे करून झोपलात तर तळवे परातीएवढे आणि चेहरा लिंबाएवढा येतो. लहान खोलीत २४ किंवा ३५ मिमीच्या लेन्सने जवळ येऊन फोटो काढले की हा दोष हमखास होतो. ५० किंवा ८५ मिमीची लेन्स लावून मागे जाता येईल एवढी जागा आहे का, हे आधी विचारा.

उभं राहताना वजन मागच्या पायावर टाका, म्हणजे कंबर कॅमेऱ्यापासून दूर जाते. दंड अंगाला चिकटला की दाबला जाऊन पसरतो, म्हणून दंड आणि बरगड्यांमध्ये दोन बोटांची फट ठेवा. पलंगावर बसायचं ते अगदी कडेला. मांडी पूर्ण टेकली की तीही पसरते.

पोट आत ओढून धरू नका. बरगड्या वर येतात, मानेच्या शिरा ताणतात आणि चेहऱ्यावर 'आता सोडू का?' असं स्पष्ट लिहिलेलं दिसतं. त्यापेक्षा पाठ लांब करा, तोंडाने सावकाश श्वास सोडा आणि तो संपत असताना फोटो घेऊ द्या. त्या क्षणी ओठही आपोआप सैल पडतात. उताणं झोपल्यावर पोट सपाट होतं. कुशीवर वळलात तर ते गादीकडे ओघळतं, मग वरचा गुडघा पुढे घ्या किंवा चादरीचं टोक तिथे आणा. हनुवटीसाठी कासवाची युक्ती: मान आधी पुढे काढायची, मग किंचित खाली. करताना विचित्र वाटतं, बाजूने बघणाऱ्याला तर फारच, पण समोरून जबड्याची रेष स्वच्छ येते.

ताणाच्या व्रणांचं (स्ट्रेच मार्क्सचं) गणित उजेडावर आहे. बाजूच्या खिडकीतून आडवा येणारा उजेड अंगाची गोलाई दाखवतो, पण प्रत्येक बारीक खळग्यात सावलीही टाकतो. उजेड समोरून आणि पसरट आला तर त्या सावल्या पुसल्या जातात, मात्र घडणही थोडी सपाट होते. काय लपवायचं आणि काय दिसू द्यायचं ते तुम्ही ठरवा आणि फोटोग्राफरला शब्दांत सांगा. त्याने अंदाज बांधावा अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न: वॅक्सिंग, फेशियल वगैरे कधी करायचं?

वॅक्सिंग दोन-तीन दिवस आधी. आदल्या दिवशी केलं तर लाल ठिपके उरतात. ब्लेड वापरत असाल तर आदल्या संध्याकाळी. फेशियल निदान आठवडाभर आधी. त्या आठवड्यात नवं क्रीम, नवा साबण, नवा उपाय काहीही नको, कारण पुरळ तेव्हाच उठायला टपलेलं असतं.

त्या दिवशी सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे इलॅस्टिक. ब्रा, मोजे, घट्ट जीन्स यांचे वळ उतरायला तासभर, कधी दोन तासही लागतात. ते पुसण्यात एडिटिंगचा फार वेळ जातो आणि पुसलेलं ओळखूही येतं. घरून निघतानाच सैल, बिनपट्ट्याचे कपडे घाला. मनगटावरचा केसांचा रबर काढून ठेवा, नाहीतर निम्म्या फोटोंत तोच दिसेल. काखेत पांढरा थर सोडणारा डिओडरंट टाळा. फ्लॅश वापरणार असतील तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीनही नको, त्याने चेहरा पांढरट उमटू शकतो. टाचा आणि नखं बघून घ्या. आणि ओले टिशू न्या: अनवाणी फिरल्यावर तळवे काळे होतात आणि पालथं झोपून पाय वर केले की आधी तेच दिसतात.

उपाशी जाऊ नका, चक्कर येते. दीड-दोन तास आधी हलकं खा, फसफसणारी पेयं टाळा.

प्रश्न: कपडे कोणते न्यावेत? मला महागडी लेस वगैरे घ्यायची नाहीये.

नका घेऊ. मापाचं बसणारं साधं काळं अंतर्वस्त्र हे न बसणाऱ्या महाग लेसपेक्षा केव्हाही सरस. एक माप लहान घेतलं की कडेने मांस वर येतं. मोठं असेल तर मागून चिमट्याने आवळता येतं, म्हणून शंका असेल तर मोठं घ्या. तीन वेगळे प्रकार पुरेत: एक अंतर्वस्त्रांचा जोड, एक अंगभर काही (बॉडीसूट किंवा उंच कमरेचं) आणि एक सैल शर्ट किंवा विणलेला स्वेटर. पहिल्यांदा जाणाऱ्यांचे सर्वांत चांगले फोटो बहुतेकदा त्या शर्टातलेच असतात, कारण हातांना धरायला काहीतरी मिळतं. लेबलं कापून टाका. सगळं घरी एकदा घालून, बसून, वाकून बघा.

प्रश्न: माझा रंग सावळा आहे. नमुन्याच्या फोटोंत सगळ्या गोऱ्या दिसतात. मलाही 'उजळ' करतील का?

करणारे आहेत, म्हणून 'त्वचेचा रंग बदलायचा नाही' हे लेखी घ्या. त्याआधी सावळ्या किंवा काळ्या रंगाच्या व्यक्तीचं एक पूर्ण शूट दाखवायला सांगा. निवडक दोन फोटो नव्हे, पूर्ण.

चूक बहुतेकदा उजेडाच्या मोजणीत होते. कॅमेरा सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्याजवळ आणू बघतो. पांढऱ्याशुभ्र चादरीवर सावळी त्वचा असली की चादर त्याला फसवते, फोटो गडद निघतो, आणि नंतर एडिटिंगमध्ये ओढून उजळवला की त्वचा राखाडी आणि रवाळ होते. मोजणी त्वचेवर करायची, चादर थोडी जास्त पांढरी झाली तर होऊ द्यायची. सावळ्या त्वचेवर आकार दिसतो तो चकाकीतून. त्यामुळे खिडकीसारखा मोठा, मऊ उजेड लागतो, आणि गळ्याच्या हाडांवर, नडग्यांवर मॉइश्चरायझरचा पातळ हात फिरवला तर फारच छान. चमकी असलेलं लोशन मात्र नको, त्याचे ठिपके उमटतात. फाउंडेशनची छटा हातावर न बघता मान-छातीवर, दिवसाच्या उजेडात बघा. खोलीतले पिवळे दिवे बंद हवेत, नाहीतर एक गाल निळसर आणि एक केशरी.

बाकी रिटचिंगचा सोपा नियम: पुरळ, खरचटणं, वळ अशा तात्पुरत्या गोष्टी न विचारता काढाव्यात. तीळ, व्रण, ताणाच्या रेषा अशा कायमच्या गोष्टींना विचारल्याशिवाय हात लावू नये. कंबर बारीक केलेली ओळखायची असेल तर मागची दाराची चौकट बघा, ती वाकलेली असते.

प्रश्न: फोटो बाहेर जाणार नाहीत याची खात्री काय?

तोंडी खात्रीला अर्थ नाही. दोन कागद वेगळे हवेत. एक कामाचा करार, दुसरं प्रसिद्धीचं संमतीपत्र. दुसऱ्यावर सही न करताही शूट होतं, आणि 'सगळेच करतात' हे कारण होऊ शकत नाही. सवलतीच्या बदल्यात संमती मागितली तर नेमके कोणते फोटो, चेहऱ्यासह की चेहऱ्याविना, कुठे आणि कधीपर्यंत, हे लिहून घ्या. फोटोंचा कॉपीराइट कोणाकडे राहतो याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, म्हणून तेही करारातच हवं.

मग हे विचारा: एडिटिंग बाहेरच्या कोणाकडे पाठवता का? फोटो कुठे साठवता, किती दिवसांनी पुसता? दोन मेमरी कार्डांच्या कॅमेऱ्यात दुसऱ्या कार्डावर प्रत राहते, तिचं काय करता? नुसतं डिलीट केलेलं कार्डावरून परत मिळवता येतं, हेही लक्षात असू द्या. अल्बमची लिंक पासवर्डची आणि ठरावीक मुदतीनंतर बंद होणारी हवी.

गळती अनेकदा आपल्याच घरातून होते. फोटो फोनवर उतरवले की ते आपोआप क्लाउडवर चढतात, तिथून कुटुंबाच्या सामायिक अल्बममध्ये, आणि मग दिवाणखान्यातल्या टीव्हीवर झळकतात. उतरवण्याआधी बॅकअप बंद करा किंवा फोटो लॉक केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा.

मैत्रीण सोबत आणू नका म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आधी न ठरलेलं करायचा आग्रह झाला तर तिथेच थांबवायचं, कारण द्यायची गरज नाही. आणि कोणी फोटो पसरवण्याची धमकी दिलीच, तर स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा प्रौढांसाठी आहे: तुमच्याच फोनवर फोटोचा डिजिटल ठसा तयार होतो, फोटो बाहेर जात नाही, आणि सहभागी समाजमाध्यमं त्या ठशावरून तो अडवू शकतात. पोलिसांत तक्रार करायची ती वेगळी.

प्रश्न: बायकोला वाढदिवसाला असं शूट अचानक भेट द्यावं म्हणतो. कसं वाटतं?

अचानक नको. आधी विचारा, आणि 'नाही' म्हणायला तिला सहज जमेल असं विचारा. ती हो म्हणाली तर फोटोग्राफर तिलाच निवडू द्या आणि त्या दिवशी तुम्ही घरी थांबा. नवरा कोपऱ्यात बसला की नजर सारखी तिकडेच वळते.

प्रश्न: पाळीची तारीख जवळ आली तर?

आधीच्या दिवसांत पोट फुगतं, छाती दुखते, म्हणून जमल्यास पाळी संपल्यानंतरचा आठवडा घ्या. तारीख बदलण्याची अट आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच विचारा. अंगावर पाजत असाल तर निघण्याआधी पाजून घ्या आणि ब्रेस्ट पॅड न्या.

प्रश्न: मैत्रिणीला तिचे फोटो आवडले, पण स्वतःचा चेहरा 'वेगळाच' वाटला म्हणे. असं का?

आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे डावं-उजवं उलटं. सेल्फी घेतानाही पडद्यावर बहुधा तसंच दिसतं. फोटोत भांग दुसऱ्या बाजूला जातो, वर चढलेली भुवई बदलते आणि ओळखीचा चेहरा परका वाटतो. म्हणून निवड त्याच दिवशी, दमलेल्या डोळ्यांनी करू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या. एखादा फोटो खटकला तर तो पडद्यावर आडवा उलटवून दाखवायला सांगा. खटकणं लगेच गेलं, तर तो फोटो ठेवायला हरकत नाही. छपाईला मात्र सरळच द्या, नाहीतर गालावरचा तीळ अल्बममध्ये पलीकडच्या गालावर जाईल.