खिलाफतीतल्या सुरुवातीच्या लढाया धर्मासाठी होत्या की गादीसाठी?
तुम्ही विचारलंय की पैगंबरांनंतर मुसलमानांत जी यादवी माजली ती खरोखर धर्मापायी, की गादीपायी लढून वर धर्माचं नाव लावलं. मी नाण्यांच्या नादाने या काळाकडे वळले, म्हणून उत्तरही नाण्यापासूनच देते.

इराण जिंकल्यावर अरबांनी तिथलं चांदीचं नाणं जवळपास होतं तसंच चालू ठेवलं. एका बाजूला इराणच्या जुन्या सासानी घराण्याचा मुकुटधारी बादशहा, दुसऱ्या बाजूला पारशी धर्माची अग्निवेदी आणि तिच्या दोन्ही अंगांना उभे सेवक. काठावर अरबीत 'बिस्मिल्लाह' किंवा तसाच एखादा छोटा मजकूर, बस. पैगंबर वारले 632 मध्ये. त्यांचं नाव असलेलं आपल्याला माहीत असलेलं पहिलं नाणं थेट हिजरी (इस्लामी कालगणना) 66 चं, म्हणजे 685-86 चं. इराणातल्या बिशापूरच्या टांकसाळीतलं. 'मुहम्मद रसूल अल्लाह' (मुहम्मद अल्लाहचे प्रेषित) ही अक्षरं आहेत आणि अग्निवेदीही जागच्या जागी आहे!

ते पाडलं कुणी? दमास्कसच्या उमय्या घराण्यातल्या खलिफाच्या विरोधात मक्केत उभा ठाकलेल्या अब्दुल्ला इब्न झुबैरच्या सुभेदाराने. मला यात ढोंग अजिबात दिसत नाही. इब्न झुबैर हा पहिले खलिफा अबू बक्र यांच्या मुलीचा मुलगा. पैगंबरांच्या माघारी हक्क कुणाचा, हा त्याच्या लेखी श्रद्धेचाच प्रश्न होता, आणि गादीचाही. त्या माणसांनी या दोन गोष्टींची वाटणी केलेलीच नव्हती, ती आपण करतो.

692 मध्ये उमय्या खलिफा अब्दुल मलिकचा सेनापती हज्जाज याने मक्केला वेढा घातला, त्यात इब्न झुबैर मारला गेला. जिंकलेल्या अब्दुल मलिकने मात्र शत्रूची घोषणा आपलीशी केली आणि पुढे नेली. हिजरी 77 पासूनच्या त्याच्या सोन्याच्या दीनारावर चित्र नाही, खलिफाचं नावसुद्धा नाही. सव्वाचार ग्रॅमच्या त्या तुकड्यावर आहे फक्त श्रद्धेचा मजकूर: अल्लाह एक, त्याला भागीदार नाही, त्याने कुणाला जन्म दिला नाही. येशूला देवाचा पुत्र मानणाऱ्या ख्रिस्ती बिझंटियमच्या (पूर्व रोमन) पातशाहीला हे उघड उत्तर होतं.

जेरुसलेममध्ये त्याने बांधलेल्या 'डोम ऑफ द रॉक' या घुमटाच्या वास्तूतला त्याचा लेखही याच सुराचा, साल हिजरी 72. पुढे उमय्या गेले, अब्बासी घराणं आलं. त्यांच्यातल्या खलिफा मामूनने त्या लेखातून अब्दुल मलिकचं नाव काढून तिथे स्वतःचं बसवलं. श्रद्धेच्या ओळींना हात लावला नाही. आणि तारीख बदलायची राहूनच गेली: मामूनच्या नावापुढे आजही 72 आहे, त्याच्या जन्माआधी नव्वदहून अधिक वर्षांचं साल.