पोर्ट कुणी अडवलाय? सॉकेटच्या पत्त्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सी मध्ये छोटा टीसीपी सर्व्हर लिहिलाय. कंट्रोल-सी मारून बंद केला आणि लगेच परत चालवला की बाइंड (सॉकेटला, म्हणजे जोडणीच्या टोकाला, पत्ता आणि पोर्ट नेमून देणारं फंक्शन) नापास होतं, ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’. मिनिटभर थांबलं की आपोआप चालतं. प्रोसेस तर मेलेली असते, मग पोर्ट कोण धरून बसतं?

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आणि तो मुद्दाम धरून बसतो.

तुमचा सर्व्हर बंद झाला तेव्हा एखादा क्लायंट जोडलेला होता, बरोबर? म्हणजे जोडणी तोडायला सुरुवात तुमच्या बाजूने झाली. टीसीपीत जो आधी तोडतो त्याला थोडा वेळ मागे रेंगाळावं लागतं. या अवस्थेचं नाव टाइम-वेट. कारणं दोन. समोरच्याने पाठवलेल्या शेवटच्या निरोपाची तुम्ही दिलेली पोच वाटेत हरवली, तर तो निरोप पुन्हा येईल आणि तेव्हा उत्तर द्यायला कुणीतरी हवं. दुसरं, जुन्या जोडणीचं एखादं पॅकेट कुठे अडकून उशिरा पोचलं, तर ते त्याच पत्त्यांवरच्या नव्या जोडणीत घुसता कामा नये. लिनक्सवर ही मुदत ६० सेकंदांची असते. तुमचं ‘मिनिटभर’ तिथून आलं.

उपाय एका ओळीचा: सॉकेट तयार झाल्यावर आणि बाइंडच्या *आधी* सेटसॉकऑप्टने एसओ-रीयूजअ‍ॅड्र हा पर्याय चालू करा. नंतर केलात तर वरातीमागून घोडं. या पर्यायाला लोक उगाच घाबरतात. लिनक्सवर त्याचा अर्थ एवढाच, की टाइम-वेटमधल्या जुन्या जोडण्यांमुळे मला अडवू नकोस. दुसरी जिवंत प्रोसेस त्याच पत्त्यावर खरंच ऐकत असेल, तर बाइंड तरीही नाकारलं जातं, आणि तसंच व्हायला हवं. विंडोजवर मात्र सावध राहा. तिथे याच नावाचा पर्याय दुसऱ्याच्या चालू पोर्टवर जाऊन बसू देतो. म्हणून तिथे सर्व्हरसाठी एसओ-एक्सक्लुझिव्हअ‍ॅड्रयूज वापरतात.

मिनिटभर थांबूनही चूक जात नसेल तर टाइम-वेटला दोष देऊ नका. ‘एसएस -एलटीएनपी’ चालवा, म्हणजे कोणत्या पोर्टवर कोणती प्रोसेस ऐकतेय याची यादी मिळेल. बहुतेक वेळा तुमचीच कालची प्रोसेस दुसऱ्या टर्मिनलमध्ये बसलेली सापडते. ती दुसऱ्या यूजरची असेल तर नाव दिसायला सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लागेल.

प्रश्न : माझं उलटं आहे. बाइंड, लिसन कुठेच चूक येत नाही, पण ८०८० वर जोडायला गेलं की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. फायरवॉल बंद करून पाहिली.

फायरवॉल चालू करा परत, तिचा काही दोष नाही. तुमचा सर्व्हर ऐकतोय, फक्त ८०८० वर नाही.

आमच्यासारख्यांच्या मशीनमध्ये, म्हणजे इंटेल आणि एएमडीवर, संख्येचा धाकटा बाइट आधी साठवला जातो. नेटवर्कचा रिवाज थोरला आधी. म्हणून बाइंडला द्यायच्या पत्त्याच्या रचनेत (स्ट्रक्टमध्ये) पोर्ट भरताना तो एचटॉन्स या बाइटांचा क्रम बदलणाऱ्या फंक्शनमधून काढायचा. ८०८० म्हणजे सोळाच्या पायात १एफ९०. एचटॉन्स विसरलात की बाइटांची अदलाबदल होऊन ते ९०१एफ वाचलं जातं, म्हणजे ३६८९५. हा आकडा मला तोंडपाठ आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक अख्खी दुपार मी राउटरच्या सेटिंगमध्ये घालवली होती. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सीनियरने यादीत ३६८९५ पाहिलं, काही न बोलता माझ्या कोडमधल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि चहाला निघून गेले.

पण तुम्ही सी++ वापरत असाल आणि वर ‘यूझिंग नेमस्पेस एसटीडी’ लिहिलं असेल, तर दुसरा संशयित आहे. सी++११ पासून प्रमाणित लायब्ररीतही बाइंड नावाचं फंक्शन आहे, आणि त्याचा सॉकेटशी काडीचा संबंध नाही. कंपायलर तेच निवडू शकतो. परतीची किंमत तपासली असती तर कंपाइलच झालं नसतं. तपासली नाही, म्हणून सगळं गुपचूप पार पडतं. सॉकेटला पत्ता मिळतच नाही, आणि बिनपत्त्याच्या सॉकेटवर लिसन केलं की लिनक्स स्वतःच एखादा मोकळा पोर्ट देऊन टाकतो. फंक्शनच्या नावाआधी दोन विसर्गचिन्हं, म्हणजे डबल कोलन, लावा. प्रश्न मिटतो.

दोघांतला चोर कोणता हे ओळखायची युक्ती सांगतो. लिनक्स असे पोर्ट मुळात ३२७६८ ते ६०९९९ मधून देतो, आणि ३६८९५ नेमका त्याच पट्ट्यात पडतो. एकदा पाहून कळत नाही. प्रोग्राम दोन-तीनदा चालवा. दर वेळी ३६८९५ च असेल तर एचटॉन्स, आकडा बदलत असेल तर सी++ चं बाइंड.

प्रश्न : अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ मशीनवर (भाड्याच्या क्लाउड मशीनवर) सर्व्हर टाकला. मशीनचा पब्लिक आयपी बाइंडला दिला तर ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’. आयपी माझाच आहे, मग?

तुमचा आहे, मशीनचा नाही. ‘आयपी अ‍ॅड्र’ चालवून बघा, तिथे १७२.३१ ने सुरू होणारा किंवा तसाच कुठलातरी खाजगी पत्ता दिसेल. पब्लिक पत्ता अ‍ॅमेझॉनच्या नेटवर्कमध्ये बाहेरच्या बाहेर बदलला जातो, मशीनला त्याचा पत्ताच नसतो. (कोटी ठरवून केलेली नाही.) आणि बाइंड फक्त मशीनच्या स्वतःच्या पत्त्यांवरच होतं.

०.०.०.० द्या, म्हणजे मशीनचे सगळे पत्ते. पण हे सवयीने सगळीकडे देऊ नका. डेटाबेस त्याच मशीनवरच्या प्रोग्रामसाठी असेल तर त्याला १२७.०.०.१ वरच, म्हणजे लोकलहोस्टवर (मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर) बांधा. पोस्टग्रेस मुळातच लोकलहोस्टवर ऐकतो तो याचसाठी. डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवता तिथे, मात्र हेच अंगाशी येतं. कंटेनरचा १२७.०.०.१ हा कंटेनरचा स्वतःचा असतो, तिथे बांधलेला सर्व्हर पोर्ट मॅप करूनही बाहेरून लागत नाही.

प्रश्न : क्लायंटमध्येही बाइंड करावं का?

गरज नाही. कनेक्ट करताना कर्नल पत्ता आणि पोर्ट दोन्ही निवडतो. मशीनला दोन नेटवर्क कार्डं आहेत आणि अमुक पत्त्यावरूनच बाहेर जायचंय, तेव्हाच करा, आणि पोर्ट शून्य द्या. शून्य म्हणजे ‘तूच निवड’. कुठला मिळाला ते गेटसॉकनेमने कळतं. टेस्टमध्ये सर्व्हरलाही शून्यच द्यावा, मग दोन टेस्ट एका पोर्टवरून भांडत नाहीत.

प्रश्न : युनिक्स डोमेन सॉकेट (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांना जोडणारं) वापरतोय. तिथे पोर्टच नाही, तरी दुसऱ्यांदा चालवल्यावर ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’. एसओ-रीयूजअ‍ॅड्र लावूनही फरक नाही.

इथे पत्ता म्हणजे फाइलचं नाव, आणि बाइंड ती फाइल डिस्कवर तयार करतं. प्रोसेस मेली तरी फाइल तशीच राहते. इथे टाइम-वेटही नाही आणि साठ सेकंदही नाहीत, वर्षभर थांबलात तरी ती तिथेच असणार. बाइंडच्या आधी अनलिंक करा, म्हणजे ती जुनी फाइल पुसा. मात्र त्याआधी त्या फाइलला एकदा कनेक्ट करून पाहा. जोडलं गेलं तर सर्व्हर जिवंत आहे, त्याची फाइल पुसू नका. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर खुशाल पुसा. आणि लिनक्सवर या नावाला १०८ बाइटच मिळतात, तेव्हा होम डिरेक्टरीतल्या सातव्या फोल्डरात ती ठेवायला जाऊ नका.